वहिनींचा हिशेब, भाऊजींचे पाइप

बाथरूम नव्याने करायची ठरली की घरात टाइल्सच्या रंगावरून दोन तट पडतात. गीझर कुठे, शॉवर कुठे यावर चर्चा रंगते. कमोडची निवड मात्र दुकानात उभ्या उभ्या होते. खरं तर घरातल्या पाण्याचं मोठं गिऱ्हाईक तोच. शहरातल्या माणसाची रोजची गरज मोजताना आपल्याकडे १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले ४५ लिटर फ्लशच्या खात्यावर टाकतात. म्हणजे तिसरा हिस्सा. हे पाणी कमी करणारे कमोड आता कुठल्याही दुकानात मिळतात. पण असलेला कमोड काढून ते बसवावेत का?

या प्रश्नावर एकाच घरातल्या दोघांचं पटत नाही. वहिनी पुण्यात धायरीकडे राहतात. साठ फ्लॅटच्या, वीस वर्षं जुन्या सोसायटीच्या त्या खजिनदार. सोसायटी वर्षातले बरेच महिने टँकरवर चालते आणि त्या बिलांवर सही वहिनींची असते. त्यांचं माहेर लातूरचं. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. ते मुलुंडला राहतात आणि इमारतींच्या प्लंबिंगची कामं घेतात. वहिनींना जुना कमोड काढून दोन बटणांचा नवा बसवायचा आहे. भाऊजींना ते पटलेलं नाही.

वहिनी : नाही म्हणायच्या आधी हा कागद बघा, भाऊजी. आमची फ्लशची टाकी १० लिटरची. घरात चौघं. माणशी दिवसाला पाच वेळा धरले तर वीस फ्लश, म्हणजे २०० लिटर. नव्यात मोठं बटण ६ लिटर सोडतं, लहान ३. माणशी एकदा मोठं आणि चारदा लहान, असे १८ लिटर. चौघांचे ७२. रोजचे १२८ लिटर वाचले की नाही?

भाऊजी : पाच वेळा घरीच? दादा सकाळी आठला बाहेर पडतो तो रात्री उगवतो. मुलं दिवसभर कॉलेजात. तुम्ही ऑफिसचे आणि कॉलेजचे फ्लशसुद्धा घराच्या खात्यावर मांडलेत.

वहिनी : बरं, माणशी तीन धरू. जुन्या टाकीचे १२० लिटर, नवीचे ४८. तरी रोजचे ७२ वाचतात. वर्षाला २६ हजारांच्या वर गेले. १० हजार लिटरचा टँकर १,५०० रुपयांना धरला, आणि उन्हाळ्यात तो त्याहून वर जातो, तर वर्षाला ३,९०० रुपये. कमोड १० हजारांचा, मजुरी नि सामान ४ हजार. साडेतीन-चार वर्षांत पैसे फिटले.

भाऊजी : कोणाचे फिटले? तुमच्याकडे फ्लॅटला मीटर आहे?

वहिनी : मीटर कुठला! टँकरचं बिल साठ घरांत सारखं वाटतो.

भाऊजी : मग तुमच्या ३,९०० रुपयांतले तुमच्या वाट्याला येणार ६५. बाकीचे शेजारपाजारच्यांच्या मेंटेनन्समधून कमी होणार. खर्च मात्र तुमचा एकटीचा.

वहिनी : ते मला ठाऊक आहे, खजिनदार मीच आहे. म्हणूनच हा विषय सर्वसाधारण सभेत न्यायचाय. साठही घरांनी बदललं तर वर्षाला दीडशेवर टँकर वाचतील. सव्वादोन लाखांच्या वर रक्कम होते. एवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग मार्गी लागेल.

भाऊजी : तुमच्या सोसायटीपुरतं कबूल, तेही सगळ्यांनी केलं तर. पण आमच्या मुलुंडला हाच कागद लावा. महापालिकेचं पाणी घरगुती वापराला हजार लिटरमागे दहा रुपयांच्याही आत पडतं. २६ हजार लिटर वाचवून वर्षाचे अडीचशे रुपये सुटतील. १४ हजार फिटायला पन्नासावर वर्षं लागतील. तोवर तो कमोडही नसेल आणि आम्हीही नसू.

वहिनी : दर कमी म्हणून पाणी स्वस्त, हे काही मला पटत नाही. तुमचं पाणी येतं कुठून? तानसा, वैतरणा, भातसा. ही धरणं शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर. त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. आणि मी लातूरची आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिला दहा वाघिणी होत्या आणि पाणी होतं ५ लाख लिटर. आमच्या टाकीच्या मापाने ते किती होतं, काढलंय कधी? पन्नास हजार फ्लश. अख्खी गाडी.

भाऊजी : वहिनी, तुमच्या लातूरपुढे मी काय बोलणार? पण पैसे बाजूला ठेवू. माझी हरकत पाइपांची आहे. कमी पाण्याचा कमोड घेतला आणि एकदा दाबून काम झालं नाही, तर माणूस काय करतो?

वहिनी : पुन्हा दाबतो.

भाऊजी : सहा आणि सहा बारा. जुनी टाकी दहाची होती. अमेरिकेत हेच झालं. त्यांच्याकडे आधी एका फ्लशला १३ लिटरच्या आसपास पाणी जायचं. १९९२ साली कायदा झाला आणि १९९४पासून घरगुती कमोडला ६ लिटरची मर्यादा आली. कंपन्यांनी काय केलं, तर बऱ्याच जणांनी भांडं जुन्याच घडणीचं ठेवलं आणि टाकी तेवढी लहान केली. चोकअप व्हायला लागले, लोक दोन-दोनदा दाबायला लागले. कमी पाण्याच्या कमोडचं नाव तिकडे खराब झालं ते तेव्हा.

वहिनी : ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. नंतर सुधारले असतीलच की.

भाऊजी : सुधारले. २००३मध्ये तिकडे एक चाचणी सुरू झाली. सोयाबीनची पेस्ट, जपानी लोक सूपला वापरतात ती मिसो, तिचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे लांबट गोळे करून कमोडमध्ये टाकायचे आणि एका फ्लशमध्ये किती ग्रॅम जातात ते मोजायचं.

वहिनी : (हसत) शी! जेवायच्या वेळी काय सांगताय!

भाऊजी : तुम्हीच विचारलंत. पण त्या चाचणीने डोळे उघडले. कमी पाण्याचे काही कमोड जुन्या मोठ्या टाकीवाल्यांपेक्षा चांगले निघाले, कारण काम नुसत्या पाण्याने होत नाही. भांड्याचा उतार, ट्रॅपची, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीची, आतली गुळगुळीत कड, पाणी कुठून आणि किती वेगाने येतं, यावर सगळं असतं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की जुन्या भांड्यावर नुसती दोन बटणांची टाकी बसवू नका. ते भांडं दहा लिटरसाठी घडवलेलं आहे. टाकी आणि भांडं ही जोडी असते. बदलायचं तर दोन्ही बदला.

वहिनी : म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी दीड हजारात नुसती टाकी बदलली, ते फसले?

भाऊजी : लहान बटण कामाला येत असेल तर फसले नाहीत. मोठं बटण दोनदा दाबावं लागत असेल तर फसले. आठवडाभर बघितलं की कळतं.

वहिनी : आता माझं ऐका. तुम्ही अमेरिकेचं सांगितलंत, पण तिकडे चोकअपला कागद मोठं कारण. आपल्याकडे कागद किती घरांत? आपण जेटने धुतो. फ्लश दाबायच्या आधीच लिटर-दीड लिटर पाणी भांड्यात गेलेलं असतं. त्यामुळे कमी पाण्याची टाकी आपल्याकडे जास्तच चांगली चालायला हवी.

भाऊजी : हा मुद्दा बरोबर आहे. खरं सांगायचं तर लहान बटणाची कल्पनाच लघवीसाठी निघाली. ऑस्ट्रेलियात १९८०च्या सुमारास ब्रूस थॉम्पसन नावाच्या माणसाने असा कमोड तयार केला. तेव्हा मोठा फ्लश ११ लिटरचा आणि लहान साडेपाचचा होता. उतरत उतरत ते ६ आणि ३वर आले. आता साडेचार-तीन आणि चार-दोनवालेही आलेत. बहुतेक बचत त्या लहान बटणाने होते. पण वहिनी, तुमच्याकडे येणारे पाहुणे कुठलं बटण दाबतात?

वहिनी : दोन्ही एकदम!

भाऊजी : मग? बचत माणसाच्या बोटात असते, टाकीत नसते.

वहिनी : पाहुणे वर्षातून चारदा येतात. त्यांच्यासाठी मी उरलेले दिवस दहा लिटर ओतू? आणि भांडं नीट असेल तर कमी पाण्यात काम होऊ शकतं, हे आपल्याच गावांत सिद्ध झालंय. खड्ड्याच्या संडासाला जे भांडं बसवतात त्याचा उतार २५ ते २८ अंशांचा. ट्रॅपमध्ये पाणी जेमतेम २० मिलिमीटर. दीड-दोन लिटरचा तांब्या ओतला की साफ. आमच्या शाळेच्या सहलीत देहूला ऐकलं होतं. तिथे डॉ. मापुस्कर १९५९ साली आरोग्य केंद्रात आले आणि त्यांनी घरोघर संडास बांधून घेतले. गावात पाणी डोक्यावरून आणायचं, तिथे दहा लिटरचा संडास चालला असता का?

भाऊजी : नसता चालला. पण त्यांचा खड्डा भांड्याच्या मागेच असतो. मैला चार हात गेला की पोचला. शहरात तो किती लांब जायचाय ते आधी बघायला हवं. तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. भांड्यामागे दोन फुटांवर उभा पाइप आहे, त्यातून तो सरळ खाली जातो. तुम्हाला ६ लिटर पुरतात. पण कोथरूडला माझ्या एका गिऱ्हाइकाचा बंगला आहे. संडास मागच्या अंगाला, चेंबर पुढच्या फाटकाशी, मध्ये चाळीस फूट आडवा पाइप आणि उतार नावाला. तिथे मी लहान टाकी बसवायला नाही म्हणालो. पाणी पुढे निघून जातं आणि मैला मध्येच बसतो. मग महिन्याला एकदा बांबू घालायला माणूस बोलवा.

वहिनी : म्हणजे आमच्यासारख्या इमारतींना अडचण नाही. हे तुम्ही आधी का नाही बोललात?

भाऊजी : कारण इमारतीत दुसरी अडचण आहे. जुना कमोड काढताना फरशी फुटते. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग एकदा उघडलं आणि नीट मिटवलं नाही, की खालच्या घराच्या छताला ओल येते. भांडणं होतात ती त्यावरून. शिवाय मापाची चूक. तुमचा मैल्याचा पाइप जमिनीतून जातो की भिंतीतून? जमिनीतून असेल तर भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंत किती इंच? बारा इंचाच्या जागी नऊ इंचाचा कमोड आणला तर भिंत आणि टाकी यांच्यात तीन इंचांची फट राहते. दुकानात जाण्याआधी टेप लावून माप घ्यायचं, एवढी साधी गोष्ट, पण निम्मे लोक करत नाहीत.

वहिनी : माप घेते. बाथरूम तसंही उघडणार आहोत, फरशी फुटणारच आहे.

भाऊजी : ते असेल तर माझी अर्धी हरकत संपली. पण त्याआधी मला जरा तुमची आत्ताची टाकी बघू द्या. स्वयंपाकघरात खायचा रंग आहे?

(वहिनी जिलबीसाठी आणलेल्या केशरी रंगाची पुडी देतात. भाऊजी टाकीचं झाकण उचलून चिमूटभर रंग आत टाकतात. टाकीतलं पाणी सरबतासारखं होतं. कोणी फ्लश दाबायचा नाही असं सांगून दोघं चहा घेतात. वीस मिनिटांनी बघतात तर भांड्यातलं पाणीही केशरी.)

वहिनी : अहो, हे कसं?

भाऊजी : आतला वायसर गेलाय. टँकरच्या नि बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते रबरावर साठतात. मग वायसर घट्ट बसत नाही आणि पाणी भांड्याच्या भिंतीला चिकटून खाली उतरत राहतं. आवाज नाही, दिसतही नाही. आता किती जातंय ते मोजू.

(ते अँगल कॉक बंद करतात, टाकीच्या आतून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारतात. अर्ध्या तासाने पाणी रेघेखाली २ सेंटिमीटर गेलेलं असतं. टाकी आतून ३५ सेंटिमीटर लांब, १५ रुंद.)

वहिनी : पस्तीस गुणिले पंधरा गुणिले दोन, १,०५० घनसेंटिमीटर. एक लिटर झाला. अर्ध्या तासाला एक, म्हणजे दिवसाला ४८ लिटर! वर्षाला साडेसतरा हजार. पावणेदोन टँकर!

भाऊजी : तुमच्या नव्या कमोडने २६ हजार वाचणार होते. साडेसतरा हजार तर शे-दोनशे रुपयांच्या वायसरने वाचतात. आणि तुमच्या साठ घरांत किती टाक्या अशा असतील?

वहिनी : हे मात्र सभेत पहिल्यांदा मांडायला हवं. रंगाची पुडी घरोघर वाटली तरी चालेल.

भाऊजी : आता तुम्ही खजिनदारासारख्या बोललात. आणि नवा कमोड घेतला तरी हा प्रश्न सुटत नाही, बरं का. दोन बटणांच्या टाकीतही वायसर असतो, तोही क्षारांनी जातो. त्यातून भिंतीत लपवलेली टाकी घ्याल तर दुरुस्ती बटणाच्या पट्टीमागच्या खिडकीतून करावी लागते. सुटे भाग त्याच कंपनीचे हवेत. दहा वर्षांनी ते मिळतील का, हे घेतानाच विचारा. माझं मत विचाराल तर तुमच्यासारख्या खाऱ्या पाण्याच्या घरात बाहेरची टाकी बरी. झाकण उचललं की हात पोचतो.

वहिनी : दिसायला ती लपवलेली छान असते.

भाऊजी : दिसायला छान, उघडायला त्रास.

वहिनी : बरं, माझ्या बहिणीचं काय? वाकडला मोठ्या सोसायटीत राहते. तिलाही मी नवा कमोड घ्यायला सांगितलंय.

भाऊजी : त्यांच्याकडे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, आहे?

वहिनी : आहे. फ्लशला वेगळा पाइप आहे, त्यातून शुद्ध केलेलं सांडपाणी येतं.

भाऊजी : मग तिला घाई नको म्हणावं. फ्लश कमी केला तरी तिचं पिण्याचं पाणी थेंबभरही वाचत नाही, कारण ते फ्लशला जातच नाही. उलट बऱ्याच सोसायट्यांत शुद्ध केलेलं पाणी बागेला आणि फ्लशला वापरून उरतं, ते नाल्यात सोडतात. तिथे पैसे घालायचे तर नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणाऱ्या जाळ्या, लावावेत. २०२४च्या मार्चमध्ये बंगळूरला पाणी आटलं तेव्हा तिथे मॉल, हॉटेलं आणि मोठ्या इमारतींच्या नळांना हे एरेटर सक्तीचे केले होते. खर्च नळामागे शे-दोनशे रुपये.

वहिनी : म्हणजे कमोड एकच, पण धायरीला एक उत्तर, वाकडला दुसरं, मुलुंडला तिसरं.

भाऊजी : आणि लातूरला चौथं. तिथे तुमची आई काय करायची?

वहिनी : आई? कपडे धुतल्याचं शेवटचं पाणी बादलीत धरून ठेवायची. संडासाला तेच. अर्धी बादली एका झटक्यात वरून ओतली की चार-पाच लिटरमध्ये काम व्हायचं. नळाचं पाणी संडासात घालणं तिला पाप वाटायचं.

भाऊजी : तो सर्वांत स्वस्त उपाय. आताही मशीनचं शेवटचं पाणी आहे, आरओमधून वाया जाणारं पाणी आहे. एक लिटर शुद्ध करताना ते यंत्र दोन-तीन लिटर बाहेर फेकतं. बादलीत धरलं तर दिवसाचे दोन-तीन फ्लश फुकटात होतात.

वहिनी : मी धरते. पण तुमचे दादा नि मुलं बादली उचलतात का? बादलीवर सगळं घर चालत नाही, भाऊजी. आई होती तोवर चाललं. आता ज्याला बटण दाबायचंय, त्याने दाबल्यावर कमीच पाणी जावं अशी व्यवस्था घरात हवी. म्हणून मला हा कमोड हवाय.

भाऊजी : यावर मला काही बोलता येत नाही. फरशी उघडणारच आहात, टँकरवर आहात, उभा पाइप जवळ आहे. बसवा. माप मी घेऊन देतो. पण जुन्याचा वायसर आजच बदलू. बाथरूमचं काम सुरू व्हायला दोन महिने आहेत, तोवर रोजचे ४८ लिटर का घालवायचे?

दोघांचा वाद इथे मिटला, तो त्यांच्या घरापुरता. वाचकांनी आपलं उत्तर आपल्या घरावरून ठरवायचं आहे. टँकर किंवा बोअरवर असाल, इमारतीत राहत असाल आणि बाथरूम उघडणारच असाल, तर ६-३ लिटरचा किंवा त्याहून कमी पाण्याचा कमोड भांड्यासकट घ्या, तो परवडतो. सोसायटीने मिळून घेतला तर आणखी परवडतो. महापालिकेच्या नळावर असाल आणि जुना कमोड शाबूत असेल, तर नुसत्या पैशांच्या हिशेबाने तो फोडून काढू नका. बदलायची वेळ येईल तेव्हा मात्र दहा लिटरवाला पुन्हा बसवू नका. चेंबर लांब असलेल्या बंगल्यात आधी पाइपाचा उतार तपासून घ्या. एसटीपीचं पाणी फ्लशला येत असेल तर ही खरेदी यादीत सर्वांत खाली ठेवा. या सगळ्याच्या आधीचं काम मात्र सर्वांना सारखं आहे : चिमूटभर खायचा रंग टाकीत टाका आणि वीस मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला, तर दुकानात जाण्याआधी प्लंबरला फोन करा.